राजारामपुरीतली फायबर नेटची सर्व्हिस, सव्वा वर्षाचा अनुभव (लांबलंय, पण पूर्ण वाचा)

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते शेवटी लिहिते.

आधी सरळ माहिती, ज्यांना तेवढीच पाहिजे त्यांच्यासाठी. कनेक्शन मागच्या एप्रिलमध्ये घेतलं. १०० एमबीपीएसचा प्लॅन, जीएसटी धरून महिन्याला ७०० च्या आसपास पडतो, राउटर त्यांचाच, १००० डिपॉझिट घेतलं आणि त्याची पावती मागायच्या आधीच दिली. फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी दोघं पोरं आली, खांबावरनं वायर ओढली, दीड तासात नेट चालू. स्पीड दिवसा ९० च्या वर असतं, रात्री नऊनंतर सगळी गल्ली मोबाइल घेऊन बसते तेव्हा थोडं उतरतं पण अडत नाही. लाइट गेली तर यांच्या ऑफिसातल्या मशीनला बॅटरी बॅकअप आहे, आणि मधल्या खांबांवर जे डबे दिसतात त्यांना करंटच लागत नाही, आत नुसता प्रकाश वाटून देणारा काचेचा स्प्लिटर असतो, त्यामुळं आपल्या घरचा राउटर छोट्या यूपीएसवर ठेवला की लाइट गेली तरी नेट जात नाही. हा यूपीएस ते देत नाहीत, आपण घ्यायचा, पावसाळ्यात कोल्हापुरात लागतोच.

पण एवढ्यासाठी मी एवढं टाइप करत बसले नसते. स्पीड आता सगळ्यांकडंच मिळतं. मी लिहितेय ते ही माणसं फॉल्ट कसा काढतात त्यासाठी, कारण माझ्या नोकरीची पहिली सात-आठ वर्षं मी हेच काम केलंय, फक्त माझ्या लाइनीचं दुसरं टोक लंडनला नाहीतर दुबईला नाहीतर टोकियोला असायचं.

मी कोल्हापूरचीच. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, सांगलीला इंजिनिअरिंग केलं आणि १९९० साली मुंबईला परदेशी सर्किटं सांभाळायच्या ऑफिसात लागले. परदेशी सर्किट म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. तेव्हा इंटरनेट नव्हतं, आपल्याकडं लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते व्हीएसएनएल ह्या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि तेही ९.६ केबीपीएसच्या डायल-अपवर. त्याच्या आधी बँका, विमान कंपन्या, शिपिंगवाले, बातम्यांच्या एजन्सी यांना परदेशातल्या ऑफिसशी सतत बोलायचं असेल तर ते कायमची लाइन भाड्यानं घ्यायचे. कुणाची टेलेक्सची ५० बॉडची, कुणाची ६४ केबीपीएसची. ६४ केबीपीएस म्हणजे आज मी ७०० रुपयात जे वापरतेय त्याचा दीड हजारावा भाग, आणि त्यावर तेव्हा अख्खं ऑफिस चालायचं. अशी लाइन बंद पडली की फोन आमच्या टेबलावर.

ती लाइन सलग एक वायर नव्हती. गिऱ्हाइकाच्या बिल्डिंगमधनं तांब्याची जोडी रस्त्याखालनं आमच्यापर्यंत, त्याला आम्ही लोकल लीड म्हणायचो, मग आमच्याकडची मशीनं, तिथनं अर्थ स्टेशन, म्हणजे उपग्रहाकडं सिग्नल पाठवणारं-घेणारं डिशचं केंद्र, तिथनं उपग्रह, मग पलीकडच्या देशातलं अर्थ स्टेशन, त्यांचं एक्स्चेंज, आणि परत त्यांच्याकडची लोकल लीड. आमच्या बाजूचं मोठं अर्थ स्टेशन म्हणजे आर्वी, पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावच्या जवळ, विक्रम साराभाईंच्या नावाचं, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलेलं. तिथली साधारण ३० मीटर व्यासाची डिश मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मान वर करून बराच वेळ उभी होते. आपल्या गुऱ्हाळाच्या आवाराएवढी ती डिश, आणि तिनं पकडायचा सिग्नल इतका बारीक की नुसत्या कानाला मुंगी चालल्यासारखा. एवढ्या लांबच्या रस्त्यात फॉल्ट नेमका कुठं आहे हे टेबलावर बसून शोधायचं, हे आमचं काम.

शोधायची पद्धत म्हणजे लूप. समोरच्या देशातल्या इंजिनिअरला ऑर्डर वायरवर, म्हणजे स्टेशनांच्या आपसातल्या बोलायच्या लाइनीवर सांगायचं की तुझ्याकडं लूप दे. तो त्याच्या टोकाला जाणारी आणि येणारी लाइन एकमेकीला जोडायचा, मग मी इथनं मीटरनं ठरावीक आकडे पाठवायचे, ते तिकडनं फिरून परत माझ्याकडं यायचे, जसेच्या तसे आले तर तिथपर्यंतची लाइन चांगली, मग अजून पुढं लूप मागायचा. एक एक टप्पा करत जायचं, जिथं आकडे बिघडले तिथं फॉल्ट. आणि माझ्या वाट्याला आलेल्या डॉकेटांमध्ये, म्हणजे तक्रारीच्या नोंदींमध्ये, निम्म्याहून जास्त वेळा तो ३६ हजार किलोमीटर वरच्या उपग्रहात नसायचा, समुद्रापलीकडं पण नसायचा, तो शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये, लोकल लीडमध्ये सापडायचा. पावसाचं पाणी शिरलेला जॉइंट, बिल्डिंगच्या जिन्याखालचा गंजलेला डबा, ऑफिसात कपाट सरकवताना दबलेली वायर. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता माझ्या घरातला फॉल्ट.

ह्यांच्या आधी आमच्याकडं एका मोठ्या कंपनीचं कनेक्शन होतं, नाव लिहीत नाही. पावसाळ्यात सुरू झालं, संध्याकाळी साडेसात-पावणेआठला नेट जायचं. रोज नाही, पण आठवड्यातनं चार-पाच दिवस. कधी पूर्ण जायचं, कधी चित्र अडकायचं. रात्री झोपायच्या वेळी बघितलं तर परत चालू. मुलगा जर्मनीत असतो, त्याची मुलगी शाळेतनं आली की तिकडचे तीन-चार वाजलेले असतात, आपले साडेसात, तेव्हा ती व्हिडिओ कॉल करते. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत, पणतीशी बोलायला त्या सातपासनं पदर नीट करून मोबाइलसमोर बसलेल्या असतात. आणि नेमकं तेव्हाच ते गोल गोल फिरायचं. त्या पोरीचं तोंड उघडं राहिलेलं चित्र आणि आई इकडनं "अगं बोल की बाळा" म्हणतायत, हे रोज बघवत नव्हतं मला.

त्या कंपनीकडं तीन वेळा तक्रार केली. तीन वेळा माणूस दुपारी आला, राउटर बंद-चालू केला, स्पीड टेस्ट लावून दाखवली, "मॅडम एकदम ओके आहे" म्हणाला आणि गेला, आणि तो जिना उतरायच्या आत मोबाइलवर मेसेज की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. एकानं सांगितलं पावसानं होतंय. मला पण तेच वाटत होतं, कारण पावसाळ्यातच सुरू झालं होतं. पण थंडीतही चालू राहिलं, आणि मार्चमध्ये आपोआप थांबलं. तेव्हाच मला खटकायला पाहिजे होतं.

कारण नोकरीच्या पहिल्या चार महिन्यात मी हाच धडा शिकले होते. १९९० चा ऑक्टोबर. एका शिपिंग एजंटची लंडनची लाइन दुपारी दीडच्या सुमारास गेली. आम्ही रजिस्टरमध्ये सगळ्या वेळा जीएमटीत लिहायचो, म्हणजे समोरच्या देशाशी घोळ होत नाही, भिंतीवर दोन घड्याळं असायची, एक आपलं आणि एक साडेपाच तास मागचं. तर रजिस्टरात नोंद ०८००. मी मीटर लावेपर्यंत लाइन आलेली होती. सगळं टेस्ट केलं, चांगलं आलं, डॉकेटवर लिहिलं टेस्टेड ओके आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशी तीच लाइन, परत ०८०० च्या आसपास, परत मी टेस्ट करेपर्यंत आली, परत टेस्टेड ओके. तिसऱ्या दिवशी आमच्या सीनियरनी रजिस्टर उघडून तिन्ही नोंदींच्या वेळांखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि मला विचारलं, ह्या वेळेला आकाशात काय असतं?

सूर्य असतो. वर्षातनं दोनदा, मार्चच्या सुमारास आणि सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरच्या दरम्यान, असे काही दिवस येतात की जमिनीवरच्या डिशवरनं बघितलं तर सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागं येतो. डिश तर उपग्रहाकडंच तोंड करून असते, त्यामुळं सूर्याचा रेडिओ गोंगाट थेट तिच्यात शिरतो आणि उपग्रहाचा बारीक सिग्नल त्यात बुडून जातो. काही मिनिटं. मग सूर्य सरकतो आणि लाइन कुणी हात न लावता परत येते. हिंद महासागरावरचा उपग्रह आपल्या जरा पश्चिमेला, म्हणून आपल्याकडं ही वेळ दुपारी दीडच्या आसपास पडते, समोरच्या देशाची वेळ वेगळी आणि तारखाही वेगळ्या. त्याचं टाइमटेबल आधीच काढलेलं असतं आणि ते शेजारच्या खोलीत लावलेलं होतं, मी विचारलंच नव्हतं. सीनियर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की आपोआप गेलेला फॉल्ट बरा झालेला नसतो, तो परत येणार असतो, त्याची वेळ लिहून ठेव.

तेव्हापासनं मला टेस्टेड ओके ह्या दोन शब्दांची चीड आहे. फॉल्ट असताना टेस्ट केलं असेल तर त्याला अर्थ. फॉल्ट गेल्यावर मीटर लावून चांगलं दिसलं, ह्यात नवल काय?

तर एप्रिलमध्ये मी कंपनी बदलली आणि हे कनेक्शन घेतलं. एप्रिल-मे झकास. जूनला पाऊस लागला आणि परत तेच, संध्याकाळी साडेसात. नवी कंपनी, नवी वायर, नवा राउटर, आणि फॉल्ट जुनाच. आता मात्र मी वही काढली. तारीख, गेलं किती वाजता, आलं किती वाजता, पाऊस होता का, लाइट होती का, राउटरवर कुठला दिवा लाल. नऊ दिवस लिहिलं. पाऊस नसलेले तीन दिवस होते आणि त्या तिन्ही दिवशी पण गेलं होतं, म्हणजे पाऊस नाही हे मला कळलं, पण त्याच्या पुढं जाता येईना, माझ्याकडं आता मीटर नाही.

फोन केला. सकाळी साडेनऊला तो मुलगा आला, पंचविशीचा असेल, आयटीआय केलेला. मी वही पुढं केली. आधीच्या तिघांनाही मी तोंडानं वेळा सांगितल्या होत्या, त्यांनी ऐकून घेतल्या होत्या एवढंच. ह्यानं वही हातात घेतली, उभ्यानंच दोन्ही पानं वाचली, बोट फिरवत फिरवत, आणि राउटरला हात न लावता म्हणाला, "काकू, आत्ता बघून काय उपयोग न्हाई. सातला येतो."

मला त्या वाक्यानं इतकं बरं वाटलं की काय सांगू. पस्तीस वर्षांपूर्वी पेन्सिलनं मारलेली ती रेघ आठवली.

सातला पाच कमी असताना आला. चहा दिला. त्याच्या मोबाइलवर ऑफिसच्या मशीनचं पान उघडता येतं, त्यात प्रत्येक घरात किती प्रकाश पोहोचतोय त्याचा आकडा दिसतो. आमचा उणे २१.४ डीबीएम. ह्या आकड्यात उणे जितकं मोठं तितका प्रकाश कमी, आणि साधारण उणे २७-२८ च्या खाली गेलं की राउटरला दिसेनासं होतं, लाल दिवा लुकलुकायला लागतो. तो दर मिनिटाला पान रिफ्रेश करत बसला, मी शेजारी. सव्वासात, २१.४. सात वीस, २१.५. त्यानं मला विचारलं, "काकू, संध्याकाळी घरात काय काय करता तुम्ही? फ्रिज, मोटर, गिझर, काय चालू करता का ह्या टायमाला?" हा प्रश्न आजवर एकानं विचारला नव्हता. मी म्हटलं काही नाही रे, देवापाशी दिवा लावतो आणि कॉलची वाट बघतो.

सात सत्तावीसला आई उठल्या, काठी टेकत मागच्या खोलीत गेल्या आणि खिडकी लावली. सरकती खिडकी आहे, ती लागल्याचा आवाज आला, आणि ह्याच्या मोबाइलवरचा आकडा उणे २९.६. राउटरवर लाल.

दोघंही एकदम उठलो. तो धावत मागं गेला, "आजी, जरा उघडा की परत". उघडली. आकडा २१.४. लावली. २९.६. आई आमच्याकडं बघतच राहिल्या, त्यांना वाटलं त्यांच्या हातनं काहीतरी मोडलं.

खिडकीची चौकट आणि भिंत ह्यांच्यामधल्या फटीतनं वायर आत घेतलेली होती, आधीच्या कंपनीनं तिथनंच घेतली होती, ह्या पोरांनीही तयार वाट मिळाली म्हणून तिथनंच घेतली. बाहेरनं काळी जाड केबल येते, सज्जात छोटा डबा, आणि तिथनं आत ती पातळ पांढरी कॉर्ड. खिडकी पूर्ण सरकवली की काच त्या कॉर्डला कोपऱ्यात दाबून दुमडायची. तुटत नव्हती, नुसती दुमडत होती. त्यानं खिशातनं लेझर पेन काढलं, राउटरकडचं टोक काढून त्यात लावलं आणि मागच्या खोलीतला दिवा बंद केला. अंधारात त्या चौकटीच्या कोपऱ्यात वायरच्या आतनं लाल ठिपका उमटला, हळदी-कुंकवातल्या टिकलीएवढा. तिथनं प्रकाश बाहेर सांडत होता. आई म्हणाल्या, "अगंबाई, दिसतोय की." त्या दोन आकड्यांतला ८.२ डीबीचा फरक म्हणजे प्रकाशात साडेसहा पट फरक. साडेसहातला एकच भाग पुढं जात होता, बाकीचा आमच्या खिडकीत.

फायबर दुमडल्यावर असं का होतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काचेच्या तंतूत प्रकाश भिंतीवर आपटत परत आत वळतो म्हणून पुढं जातो. तंतू हळूच वाकवला तर चालतं, पण करंगळीपेक्षा बारीक वळण दिलं की प्रकाश आत न वळता बाहेर निसटतो. वायर सरळ केली की परत सगळं ठीक, कुठलाही पुरावा मागं राहत नाही. म्हणून दुपारी येणाऱ्याला कधीच काही सापडलं नाही.

आणि आई खिडकी का लावायच्या? पावसाळ्यात डास, थंडीत गार वारं, हे होतंच, पण मुख्य म्हणजे मागच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज यायला नको, पणतीचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून. कॉलच्या आधी दोन मिनिटं. उन्हाळ्यात उकडतं म्हणून उघडी ठेवायच्या. झोपताना मी उघडायची. सगळ्या नोंदी जुळल्या. वर्षभर मी खांबावर, ढगात, कंपनीत शोधत होते आणि फॉल्ट लोकल लीडच्या शेवटच्या वितभर भागात होता. त्या आधीच्या कंपनीचा वायरीतला दोष नव्हता हे पण मी इथं लिहून ठेवते, ते न्यायानं लिहायला पाहिजे. माझी त्यांच्यावर तक्रार एवढीच की त्यांनी तीनदा फॉल्ट न बघता फॉल्ट बंद केला.

त्यानं रात्रीच काम केलं. मशीन आणून भिंतीत वरच्या बाजूला भोक पाडलं, त्यात पाइपचा तुकडा घातला, आत येणारी वायर मोठ्या गोल वळणानं सोडली, भोकाला बाहेरनं एम-सील लावलं पाणी येऊ नये म्हणून, आणि बाहेर सज्जात केबलला खाली एक झोळ दिला म्हणजे पावसाचं पाणी तिथनं गळून पडतं, केबलवरनं घरात येत नाही. पैसे विचारले तर नको म्हणाला, "चूक आमची पण हाय की, आम्हीच तिथनं घातली वायर." स्वतः होऊन म्हणाला हे.

पण ज्यासाठी मी पाच द्यायला निघाले होते ते पुढं आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात चाळीसला त्याचा फोन आला. "काकू, खिडकी लावलीय न्हवं? चालू हाय का?" कॉल चालूच होता, आई बोलत होत्या. मी हो म्हटल्यावर म्हणाला, "मग आता बंद करतो तक्रार."

हा फोन म्हणजे काय असतो ते मला माहीत आहे, कारण एकदा मी तो केला नव्हता. १९९२ ची गोष्ट. रात्रपाळी होती. एका बँकेची सिंगापूरची लाइन एरर देत होती, मी लूप लावून टेस्ट केली, पलीकडच्यांनी त्यांची बाजू सुधारली, माझ्या मीटरवर तासभर एकही एरर नाही, पॅनलवरचे सगळे दिवे हिरवे. डॉकेट बंद केलं. आणि माझ्या बाजूला लावलेला एक लूप काढायचा राहिला. लूप राहिला की काय होतं, गिऱ्हाइकाचं मशीन जे पाठवतं तेच फिरून त्याच्याकडं येतं, मशीनला वाटतं लाइन जिवंत आहे, आमच्या पॅनललाही वाटतं, सगळं हिरवं, आणि प्रत्यक्षात एक अक्षर पलीकडं जात नाही. दोन तास दहा मिनिटं. तिकडं सकाळ झाल्यावर लक्षात आलं. मी एक फोन करून "तुमचं चालू झालं का" विचारलं असतं तर दोन मिनिटात कळलं असतं. सीनियरनी मला सांगितलं की त्यांना तूच फोन कर आणि कारण खरं सांग. आरएफओ, म्हणजे लाइन का बंद होती त्याचं कारण, आम्हाला रजिस्टरात लिहावंच लागायचं, तिथं मी माझ्या हातानं लिहिलं की लूप काढायचा राहिला. पाय कापत होते फोन करताना. पलीकडच्या माणसानं ऐकलं आणि फक्त थँक्यू म्हणाला. त्यानंतर मी गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय एकही डॉकेट बंद केलं नाही, हिरव्या दिव्यावर तर अजिबात नाही.

म्हणून मला त्या मुलाच्या फोनचं एवढं आहे. त्याला हे कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाला कुणी नाही, परत यायला लागतं म्हणून आधीच विचारून घेतो.

तो खिडकीचं काम करत असताना आम्ही बरंच बोललो. मी त्याला सांगितलं की १९९४ ला समुद्रातनं फायबर केबल मुंबईला आली, सी-मी-वी २, सिंगापूरकडनं युरोपपर्यंत जाणारी, फायबरच्या एका जोडीवर ५६० एमबीपीएस, आणि आम्हाला ते केवढं वाटलं होतं. तो म्हणाला काकू आपल्या दोन गल्ल्यांना पुरंना. खरंय. पण फरक वेगात नव्हता, बोलण्यात होता. उपग्रहावरनं आवाज जायला पाव सेकंद आणि उत्तर यायला अजून पाव, त्यामुळं लंडनच्या इंजिनिअरशी बोलताना वाक्य संपवून गप्प बसायची सवय लागलेली असायची, नवीन माणूस हमखास मध्ये बोलायचा आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळायचे. पहिल्यांदा केबलवरनं ऑर्डर वायर लागली तेव्हा मी हॅलो म्हटलं आणि लगेच हॅलो आलं, शेजारच्या खोलीतनं आल्यासारखं. मी दचकले होते. तो क्षण मला अजून जसाच्या तसा आठवतो.

त्यानं विचारलं समुद्रात केबल तुटली तर? हा प्रश्न विचारणारा मला बऱ्याच वर्षांनी भेटला, म्हणून इथं पण लिहिते. समुद्रातल्या केबलमध्ये काही अंतरावर प्रकाश वाढवणारी यंत्रं असतात, त्यांना किनाऱ्यावरनं हजारो व्होल्टचा करंट केबलमधनंच पाठवतात. केबल तुटली की आधी त्या करंटचा अलार्म वाजतो. मग दोन्ही किनाऱ्यांवरनं मोजमाप करून तुटलेली जागा काढतात. खास जहाज जातं, तळाशी आकडा ओढत केबल पकडतं, वर घेतं, दोन्ही टोकांकडं टेस्ट करतं, मध्ये नवा तुकडा जोडतं आणि परत खाली सोडतं. अरबी समुद्रात पावसाळा असेल तर हे फार अवघड. आणि तोपर्यंत आम्ही काय करायचो, तर एकेक सर्किट केबलवरनं काढून उपग्रहावर बसवायचो, रात्रभर, हातानं, पॅच कॉर्ड म्हणजे जोडायची छोटी वायर एका भोकातनं काढून दुसऱ्यात, यादीवर टिक करत. २००८ च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ भूमध्य समुद्रात दोन केबली तुटल्या आणि आपल्याकडं सगळ्यांचं नेट मंदावलं ते काहींना आठवत असेल, तेव्हा मी ते काम सोडलेलं होतं, पण बातमी बघून मला ती पॅच कॉर्डची पॅनलच आठवली.

त्याच्याकडं ओटीडीआर पण आहे, त्यानं दुसऱ्या फेरीत आणून दाखवला, विटेएवढा. हे यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतं आणि परत येणारा अगदी बारीक प्रकाश मोजतं, किती वेळानं आला त्यावरनं वायर किती अंतरावर खराब आहे ते कळतं. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे ठोका परत यायला एक मायक्रोसेकंद लागला तर फॉल्ट १०० मीटरवर. आमच्या वेळेला हे यंत्र दोघांनी उचलायला लागायचं आणि त्याला हात लावायला परवानगी लागायची. ह्यानं माझ्या हातात दिलं. स्क्रीनवर आमच्या गल्लीची रेघ होती, मध्ये एक बारीकशी पायरी, ती खांबावरच्या जॉइंटची. मी ती पायरी ओळखली ह्याचं त्याला कौतुक वाटलं आणि मला पण.

आता अर्धा स्टार. एक, रविवारी ह्यांचं कुणी फोन उचलत नाही, निदान एक माणूस तरी पाहिजे, घरातनं काम करणारे बरेच आहेत आता. दोन, महिन्याच्या पैशाचं बिल मागितल्याशिवाय येत नाही, डिपॉझिटची पावती जशी दिली तसं बिल पण आपणहून द्यावं. तीन, आणि हे मी त्यांना तोंडावर पण सांगितलंय, आमच्या कोपऱ्यावरच्या गुलमोहरावर ह्यांची आणि बाकी सगळ्यांची मिळून केबलची जी गुंडाळी लटकतेय ती काढा, वारं सुटलं की फांदी हलते आणि सगळ्यांच्या वायरी ताणल्या जातात, पुढचा फॉल्ट तिथंच होणार आहे. त्या मुलानं फोटो काढून नेलाय. अजून काम झालेलं नाही, झालं की मी इथं येऊन पाच करीन.

कनेक्शन घ्यायचं असेल तर वायर खिडकीतनं घेऊ देऊ नका, आधीच भोक पाडायला सांगा, मशीन असतं त्यांच्याकडं. तक्रार असेल तर वेळा लिहून ठेवा आणि कागदच हातात द्या. आणि फोन सकाळी दहाच्या आधी करा, नंतर तो मुलगा खांबावर असतो आणि वर असताना फोन घेत नाही.